अलास्का क्रूझ, लहान मुलं आणि ग्लेशियर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिएटल किंवा व्हँकुव्हरहून निघणारी सात दिवसांची क्रूझ, सोबत आठ वर्षांखालची मुलं आणि बऱ्याचदा उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा, असं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो. सहल (म्हणजे बंदरावर किंवा जहाजाबाहेर पैसे देऊन घ्यायची वेगळी फेरी) निवडताना माहितीपत्रकातला निळा बर्फ सगळ्यांत शेवटी बघा. आधी विचारा की जहाजातून पाय बाहेर टाकल्यापासून पुढचं स्वच्छतागृह किती वेळाने येणार. या एका प्रश्नावर निम्म्या सहली यादीतून आपोआप गळतात.

ग्लेशियर बघायला पैसे मोजून वेगळी सहल घ्यावीच लागते का?

नाही, आणि ही गोष्ट बुकिंग करताना कुणी ठळकपणे सांगत नाही. बहुतेक मार्गांवर एक दिवस, निदान अर्धा दिवस, जहाज स्वतःच ग्लेशियरसमोर जाऊन उभं राहतं. वेळापत्रकात त्या दिवशी बंदराच्या नावाऐवजी ‘सीनिक क्रूझिंग’ असं लिहिलेलं असतं. त्याचे पैसे तिकिटातच आलेले असतात. मूल कंटाळलं तर केबिनमध्ये न्या, भूक लागली तर बुफेत, डायपर बदलायचा तर लिफ्टने दोन मजले खाली. तीन वर्षांच्या मुलाला ग्लेशियरचं कौतुक फार तर वीसेक मिनिटं. त्यानंतर त्याला जहाजावरचा पोहण्याचा तलाव आठवतो, आणि इथे तोही हाताशी असतो.

म्हणून पाच वर्षांखालची मुलं असतील तर सहलींची यादी उघडण्याआधी मार्ग नीट निवडा. चुकीचा मार्ग घेऊन मग शेकडो डॉलरच्या सहलीने त्याची भरपाई करायची, हा उफराटा हिशेब झाला.

मग कोणत्या मार्गावर कोणता ग्लेशियर दिसतो?

ढोबळमानाने चार पर्याय आहेत.

ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन या क्रूझ कंपन्यांच्या बऱ्याच जहाजांकडे हे परवाने असतात. तुमच्या तारखेच्या वेळापत्रकात नाव स्पष्ट लिहिलेलं आहे ना, तेवढं तपासा. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. मुलांसाठी ‘ज्युनिअर रेंजर’ नावाची पुस्तिका असते. ती भरून दिली की मुलांकडून शपथ वदवून घेतात आणि बिल्ला देतात. पाच ते दहा वयाच्या मुलांवर या बिल्ल्याची जादू ग्लेशियरपेक्षा जास्त चालते, हे मान्य करूनच निघा. जहाज मार्जरी ग्लेशियरसमोर तासभर तरी थांबतं. पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच उभी असलेली ती बर्फाची भिंत आहे. जहाज सावकाश गोल फिरवतात, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूच्या केबिनवरून घरात भांडायचं कारण नाही. या उपसागरात जहाजातून कुणीही खाली उतरत नाही, म्हणजे त्या दिवशी सहल हा विषयच नसतो.

हबर्ड ग्लेशियर याकुटाटजवळ आहे. लांबी सुमारे १२२ किलोमीटर आणि समुद्राला भिडणारा दर्शनी भाग जवळपास १० किलोमीटर रुंद. अलास्कातले बहुतेक ग्लेशियर मागे हटत असताना हा मात्र पुढे सरकतो आहे. १९८६ आणि २००२ साली त्याने शेजारच्या रसेल फियोर्डचं (फियोर्ड म्हणजे कड्यांमधली अरुंद खाडी) तोंडच काही काळ बंद करून टाकलं होतं. त्याच्या टोकाशी तुटून पडणारा बर्फ उगमापाशी हिमवर्षाव होऊन पडला त्याला ४००-४५० वर्षं झाली असा अंदाज आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीचा बर्फ. हे सांगितलं की मराठी घरातली पोरं दोन मिनिटं तरी गप्प होतात. अडचण एवढीच की तिथे पोचायला अलास्काच्या आखाताचा उघडा समुद्र लागतो आणि तो हलवतो.

तिसरा पर्याय जुनोच्या (अलास्काची राजधानी आणि क्रूझचं बंदर) दक्षिणेकडच्या अरुंद खाड्यांचा, म्हणजे ट्रेसी आर्म आणि एंडिकॉट आर्म. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रेसी आर्ममध्ये साउथ सॉयर ग्लेशियरजवळ डोंगराचा मोठा कडा कोसळला आणि पाण्याची प्रचंड लाट उसळली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी आपली जहाजं शेजारच्या एंडिकॉट आर्ममध्ये, डॉझ ग्लेशियरकडे वळवली. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत ट्रेसी आर्मची तारीफ ऐकून तिकीट काढलं असेल, तर आपलं जहाज सध्या कुठे जातं ते विचारून घ्या. एंडिकॉटही देखणी खाडी आहे, दोन्ही बाजूंनी कडे आणि धबधबे. मात्र खाडीत बर्फ किंवा धुकं फार असेल तर कप्तान अर्ध्यातून परत फिरतो, आणि फिरला तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

चौथा म्हणजे व्हँकुव्हरहून निघून अलास्कातल्या व्हिटिअर किंवा स्यूअर्ड या बंदरांत संपणारे एकतर्फी मार्ग. त्यात कधी कॉलेज फियोर्ड असतो. १८९९ च्या हॅरिमन या शोधमोहिमेतल्या मंडळींनी तिथल्या ग्लेशियरना हार्वर्ड, येल, स्मिथ अशी कॉलेजांची नावं देऊन टाकली. एकतर्फी मार्गाला परतीचं विमान वेगळं लागतं, आणि तान्ह्या बाळाबरोबर क्रूझच्या शेवटी विमानतळ गाठणं ही स्वतंत्र कसरत आहे.

पहिलीच क्रूझ आणि मुलं लहान असतील तर आम्ही ग्लेशियर बे सुचवू.

बर्फाचा कडा पाण्यात कोसळताना दिसेल का?

दिसेल, पण नेम नाही. तासभरात चार वेळा कोसळतो किंवा एकदाही नाही. आधी पडताना दिसतो आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो, कारण आवाजाला अर्धा किलोमीटर यायला दीड सेकंद लागतो. आवाज ऐकून मान वळवली तर फक्त शिंतोडे दिसतात. मुलांना एका ठरावीक भेगेकडे बघत राहायला सांगा आणि पडला की आकडे मोजायला लावा. खेळ होतो आणि थंडीत उभं राहणं सुसह्य होतं.

बर्फ निळा का दिसतो, हे ते विचारणारच. वरच्या वजनाने दाबून दाबून त्यातली हवा निघून गेलेली असते. असा घट्ट बर्फ उजेडातला तांबडा भाग शोषतो आणि निळा तेवढा बाहेर येतो. पाणी दुधट का, याचंही उत्तर तयार ठेवा: ग्लेशियर सरकताना खालचा खडक दळला जातो आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं.

जुनोमध्ये मेंडेनहॉल ग्लेशियर आपलं आपण करावं की सहल घ्यावी?

मुलांसोबत जमिनीवरून बघायचा असेल तर हाच ग्लेशियर. बंदरापासून सुमारे २० किलोमीटर, बसने अर्धा तास. तिथे नीट बांधलेलं माहिती केंद्र आहे, स्वच्छतागृह आहे, मोठ्या काचांमागे ऊबेत बसून ग्लेशियर दिसतो. बाहेर पाऊस कोसळत असला तरी आजी-आजोबांचा दिवस फुकट जात नाही.

केंद्रापासून फोटो पॉइंटपर्यंतची वाट छोटी आणि पक्की आहे, बाबागाडी सहज जाते. नगेट फॉल्स या धबधब्यापर्यंतची वाट एका बाजूने सुमारे दीड किलोमीटर, जवळजवळ सपाट. चारेक वर्षांचं मूल ती स्वतःच्या पायाने करू शकतं, पण जाऊन येऊन तीन किलोमीटर होतात आणि परतीच्या अर्ध्या वाटेवर ‘उचलून घे’ सुरू होतं. मोठ्या चाकांची गाडी किंवा पाठीवरची झोळी बरोबर ठेवा. छोट्या चाकांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तिथल्या खडीत रुतते. धबधब्यापाशी वाळूचा काठ आहे. कधी कधी तळ्यातून वाहत आलेले बर्फाचे तुकडे तिथे लागलेले असतात. मुलांना हवं असतं ते नेमकं हे, हातात घ्यायचा बर्फ. मोठ्यांना देखावा दिसत असतो तेव्हा पोरं तुकडा वितळतो कसा ते बघत बसलेली असतात.

जुलैच्या मध्यापासून स्टीप क्रीक या ओढ्यात सॅमन मासे वर चढतात आणि त्यांच्या मागे काळी अस्वलं येतात. ओढ्यावर लाकडी फळ्यांची उंच वाट केलेली आहे, तिच्यावरून मासे अगदी पायाखाली दिसतात. अस्वलांमुळेच एक नियम कडक आहे. वाटांवर खाणं न्यायला मनाई आहे, साधं पाणी तेवढं चालतं. खिशातली चिक्की, पर्समधला खाकरा, बाळाच्या हातातलं बिस्किट, सगळं त्यात आलं. मुलांना बसमध्ये चढण्याआधी पोटभर खाऊ घाला. तिथे गेल्यावर भुकेने रडणाऱ्या मुलाला अस्वलाचं कारण सांगून भागत नाही.

आता आपलं आपण की सहल. बंदरावरच बसची तिकिटं विकणारे असतात आणि जहाजाच्या सहलीपेक्षा ते स्वस्त पडतं. वेळ हातात राहते, मूल दमलं की पुढच्या बसने परत. मात्र व्यावसायिक बसगाड्यांना परवान्यांची मर्यादा असते, त्यामुळे गर्दीच्या दिवशी आयत्या वेळी तिकीट मिळेलच असं नाही. आधी ऑनलाइन काढून ठेवलेलं बरं. गावची सार्वजनिक बस केंद्रापर्यंत जात नाही. ती दोनेक किलोमीटर अलीकडे सोडते आणि उरलेलं अंतर चालावं लागतं. तरुण जोडप्याला ठीक, बाबागाडीवाल्यांनी त्या भानगडीत पडू नये.

जुने फोटो बघून गेलात तर थोडा हिरमोड होईल. हे केंद्र १९६२ मध्ये उघडलं तेव्हा बर्फ बराच जवळ होता. आता तो तळ्याच्या पार मागे गेला आहे. शिवाय २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ऑगस्टमध्ये ग्लेशियरच्या वरच्या अंगाला साचलेलं पाणी एकदम फुटून खाली पूर आला होता. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर आदल्या दिवशी परिसर उघडा आहे का ते बघा.

हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर उतरायची सहल लहान मुलांना घेऊन करावी का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सहा-सात वर्षांच्या पुढे आणि खिशाला झेपत असेल तर जरूर करा. त्याखाली आमचं मत नाही असंच आहे, आणि कारण सुरक्षिततेपेक्षा साधं आहे. दोन-अडीच तासांच्या या सहलीत बर्फावरचा वेळ साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा. बाकीचा वेळ बस, सुरक्षेच्या सूचना, वजन करणं, बुटांवर दुसरे बूट चढवणं आणि वाट बघणं यात जातो. माणशी खर्च साधारण ४०० डॉलरपासून पुढे, आणि मुलाची जागा वेगळी धरली की पूर्ण तिकीट. चौघांच्या कुटुंबाला हा आकडा किती होतो ते शांतपणे मांडून बघा. त्यात तीन वर्षांच्या मुलाने कानावरचे हेडफोन काढून फेकले किंवा बर्फावर पाय ठेवल्या ठेवल्या शू आली, तर तिथे काहीही सोय नसते.

वय, वजन आणि मांडीवरच्या बाळाचे नियम कंपनीगणिक बदलतात. कपड्यांसकट प्रत्येकाचं वजन होतं, ठरावीक आकड्याच्या वर जादा पैसे पडतात, आणि हेलिकॉप्टरचा तोल साधायचा म्हणून कोण कुठे बसणार ते वैमानिक ठरवतो. खिडकी हवी म्हणून मूल हटून बसलं तरी तो ऐकणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

हवा बिघडली की ही सहल सगळ्यांत आधी रद्द होते. कंपनीने रद्द केली तर पैसे परत मिळतात. पण मुलांना महिनाभर आधीपासून ‘हेलिकॉप्टर, हेलिकॉप्टर’ सांगून ठेवलं असेल तर त्या दिवशी घरात काय होतं याची कल्पना करा. आदल्या रात्रीपर्यंत बोलूच नये.

आणि ग्लेशियरवरची कुत्र्यांची घसरगाडी?

ती हेलिकॉप्टरपेक्षाही महाग. लहान मुलांसाठी आमचा कल जमिनीवरच्या तळाकडे आहे. जुनो आणि स्कॅगवे या दोन्ही बंदरांत उन्हाळ्यात कुत्र्यांचं सरावाचं ठाणं असतं. तिथे चाकं लावलेल्या गाडीला कुत्री जुंपतात, जंगलातून फेरी होते आणि शेवटी पिल्लं मांडीवर घ्यायला मिळतात. बर्फ नसतो, पण पिल्लं असतात, आणि चार वर्षांच्या मुलासाठी प्रश्न तिथेच मिटतो. कुत्र्यांना घाबरणारं मूल असेल तर मात्र नको. एकाच वेळी शंभरेक कुत्री भुंकतात.

ग्लेशियरवर चालण्याच्या किंवा कयाकच्या (वल्ह्याच्या छोट्या होडीच्या) सहली?

लहान मुलं असताना यादीतून काढून टाका. बुटांना लावायचे खिळे मुलांच्या मापाचे बहुधा मिळत नाहीत आणि किमान वयाची अट बहुतेक ठिकाणी असते. आई-बाबांपैकी एकाला फारच इच्छा असेल तर एकाने जावं, दुसऱ्याने मुलांना सांभाळावं, पुढच्या बंदरात अदलाबदल करावी. यात अपराधी वाटून घ्यायचं काही नाही. जहाजावरचे मुलांचे वर्ग बहुधा तीन वर्षांपासून पुढे असतात, आणि मूल डायपरमधून बाहेर आलेलं असावं अशी अट असते. त्याहून लहान बाळासाठी तो मार्ग बंदच.

जहाजातून छोट्या बोटीने ग्लेशियरच्या जवळ नेतात ती सहल कशी आहे?

चांगली आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. जहाज खाडीत असतानाच मोठी, बंदिस्त कॅटमरान (जोडसांगाड्याची) बोट जहाजाला येऊन लागते. तुम्ही तिच्यात चढता आणि ती मोठ्या जहाजाला न जमणाऱ्या अंतरापर्यंत बर्फाजवळ जाते. आत ऊब, बसायला बाकं, स्वच्छतागृह. तरंगत्या हिमखंडांवर पहुडलेले सील अगदी जवळून दिसतात. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांना झेपते. एक गोष्ट लक्षात ठेवा: एकदा चढलं की चार-पाच तास मोठ्या जहाजावर परतता येत नाही. दुपारी झोपणाऱ्या बाळाची झोप बोटीत लागत असेल तरच हो म्हणा.

उघड्या रबरी बोटींच्या वेगवान फेऱ्या वेगळ्या. त्या पाठीला दणके देतात. लहान मुलं आणि आजी-आजोबा दोघांनाही नकोत.

जुनोहून देवमासे बघायच्या बोटी निघतात आणि त्यांच्यासोबत मेंडेनहॉलचा थांबा जोडून मिळतो. बोटीतही आणि केंद्रातही स्वच्छतागृह असतं. पाच ते सहा तास जातात खरे, पण एकाच सहलीवर पैसे खर्च करायचे असतील तर आम्ही याच जोडीवर करू. देवमाशाची शेपटी पाण्यावर आली की मोठेही ओरडतात, मुलांना ओरडायची परवानगीच मिळते.

आमचं जहाज सकाळी खाडीत आणि दुपारी जुनोला असं आहे. दोन्ही जमेल?

जहाज पहाटे खाडीत शिरतं, म्हणजे मुलं पाच-सहाला उठलेली. दुपारी एकच्या सुमाराला जुनो. त्याच दुपारी महागडी सहल ठेवली तर बसमध्येच पोरं झोपतात आणि उठवलं की रडतात. अशा वेळी जुनोत सोपं काहीतरी घ्या आणि खर्चिक सहल स्कॅगवेकडे ढकला. जूनमध्ये जुनोत रात्री दहापर्यंत उजेड असतो. मुलांना दुपारी केबिनमध्ये झोपवून संध्याकाळी पाचला मेंडेनहॉलला गेलात तरी अंधार होत नाही, गर्दीही ओसरलेली असते. परतीची शेवटची बस किती वाजता, एवढं विचारून ठेवा.

स्कॅगवेची रेल्वे ग्लेशियरची सहल म्हणून विकतात. खरंच ग्लेशियर दिसतो का?

लांबून, डोंगराच्या माथ्याला चिकटलेला, तोही हवा स्वच्छ असेल तर. ग्लेशियरसाठी ही गाडी घेऊ नका, गाडीसाठी घ्या. व्हाइट पास अँड युकॉन रूट हा नॅरोगेज मार्ग सोन्याच्या शोधात आलेल्यांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधला. ३२ किलोमीटरमध्ये गाडी ८७३ मीटर उंचीवरच्या खिंडीपर्यंत चढते. माथेरानची गाडी आवडणाऱ्या आजोबांना ही नक्की आवडेल, फक्त इथे दऱ्या जास्त खोल आणि डबे प्रशस्त आहेत. प्रत्येक डब्यात स्वच्छतागृह, बसल्या जागी देखावा, बाळ मांडीवर झोपलं तरी चालतं. चढताना डाव्या बाजूला बसा. खिंडीपाशी वळून येणाऱ्या साध्या फेरीला पासपोर्ट लागत नाही. पुढे कॅनडात उतरवणाऱ्या फेऱ्यांना पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही लागतात.

व्हिटिअर किंवा स्यूअर्डला क्रूझ संपते. तिथे एखादा दिवस राहावं का?

राहू शकत असाल तर राहा. स्यूअर्डजवळच्या एक्झिट ग्लेशियरच्या रस्त्यावर आणि वाटेवर जागोजागी वर्षांचे फलक लावलेले आहेत: या साली बर्फ इथपर्यंत होता, त्या साली तिथपर्यंत. वाचायला नुकतंच शिकलेलं मूल एकेक आकडा वाचत जातं आणि कुणी काही समजावून न सांगता त्याला कळतं. बाबा जन्मले ते साल, आजी जन्मली ते साल, असं शोधत जा. व्हिटिअरच्या बाजूला पोर्टेज तळ्यातली ग्लेशियरची बोटफेरी तासाभराची आहे, पाणी शांत. लहान मुलांना पुरेशी. तिथे जाणारा ४ किलोमीटरचा बोगदा एकेरी आहे आणि त्यातूनच रेल्वेही जाते. ठरावीक वेळेलाच सोडतात, ती वेळ चुकवू नका. केनाई फियोर्ड्सच्या सहा तासांच्या बोटी सुंदर आहेत पण उघड्या समुद्रात जातात. त्या मुलं मोठी झाल्यावर.

सहल जहाजाकडून घ्यावी की बाहेरून?

जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. बाहेरून घेतली तर थांबत नाही. जुनोला रस्त्याने बाहेरच्या जगाशी जोडलेलंच नाही, त्यामुळे जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत विमान किंवा फेरी गाठायची, तीही लहान मुलं आणि जहाजावर राहिलेलं सामान या हिशेबाने. हेलिकॉप्टर, लांबच्या बोटी यांसाठी जहाजाकडून घ्या. जहाजाने बंदरच गाळलं तर पैसेही आपोआप परत येतात. मेंडेनहॉलची बस, रोपवे यांसाठी बाहेरून घ्यायला हरकत नाही.

कपडे काय न्यायचे?

उन्हाळ्यात जुनोत दिवसाचं तापमान साधारण १० ते १८ अंश असतं. तेवढं ऐकून लोक एक स्वेटर घेऊन येतात. ग्लेशियरवरून येणारा वारा मात्र अंगात शिरतो आणि पाऊस कधीही येतो. आत अंगासरशी थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. कानटोपी आणि हातमोज्यांचा दुसरा जोड हवाच, पहिला डेकवरून समुद्रात जातो. सुती जीन्स भिजली की तासभर वाळत नाही आणि मूल गारठतं. छत्री वाऱ्याने उलटते, तिचा भार नको. आजीसाठी साडीखाली थर्मल पायजमा आणि चांगले पकडीचे बूट. जहाजाच्या डेकवर चपला निसटतात.

कोणता महिना बरा?

मे महिन्यात पाऊस सगळ्यांत कमी आणि दरही कमी, पण थंडी जास्त आणि सॅमन नाहीत. जून-जुलै मुलांना सगळ्यांत सोयीचा. ऑगस्टमध्ये अस्वलं आणि पाऊस दोन्ही वाढतात. सप्टेंबर स्वस्त आणि ओला. ग्लेशियर बेमधली जॉन्स हॉपकिन्स खाडी सीलच्या पिल्लांसाठी ऑगस्टअखेरपर्यंत क्रूझ जहाजांना बंद असते, ती सप्टेंबरमध्ये उघडते. शाळेतली मुलं नसतील तर हा एक मुद्दा सप्टेंबरच्या बाजूने.

मुलांना बोट लागेल का?

आतल्या खाड्यांमधून जाताना फारसं जाणवत नाही. सिएटलहून निघालेली बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात, तो दिवस आणि हबर्डकडचा प्रवास हलवणारा. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या. मुलांचं औषध आणि त्याचं प्रमाण निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून आणा, जहाजावरच्या दुकानात उभं राहून ठरवू नका. मोठ्यांसाठी आलेपाकाच्या वड्या चालतात. सीलबंद पाकीट आणा, घरचा डबा जहाजावर बहुधा घेऊ देत नाहीत.

बाळ फारच लहान आहे. न्यावं का?

बहुतेक कंपन्या या मार्गावर सहा महिन्यांखालच्या बाळांना घेत नाहीत. सहा महिने ते दीड वर्ष हे वय खरं तर सोपं आहे, झोळीत बसतं आणि पळत नाही. दीड ते तीन सगळ्यांत अवघड. त्या वयाचं मूल असेल तर सहली जवळजवळ शून्यावर आणा आणि जहाजावरूनच बघा.

भारतीय पासपोर्टवर काय काय लागतं?

सिएटलहून निघून तिथेच परतणारी परदेशी नोंदणीची जहाजं १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे वाटेत एका परदेशी बंदराला लागतात. ते बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं, संध्याकाळचे काही तास. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, तुम्ही जहाजातून उतरला नाहीत तरी. अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. ग्रीनकार्ड असणाऱ्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण कार्ड आणि चालू पासपोर्ट दोन्ही सोबत हवेत. नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टमधला शिक्का संपलेला असेल तर तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. आई किंवा बाबा एकटेच मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवा. आजी-आजोबांचा कॅनडाचा व्हिसा हेच बहुतेक घरांत अडतं, त्याला वेळ लागतो. क्रूझ ठरली की सगळ्यात आधी तो अर्ज.

सगळं ठरवलं आणि त्या दिवशी सहलच रद्द झाली तर?

जुनोत असाल तर क्रूझच्या धक्क्यालगतच रोपवे आहे, तो सरळ माउंट रॉबर्ट्सच्या अंगावर सुमारे ५५० मीटर चढवतो. ढग खाली आलेले असतील तर वर काहीच दिसत नाही, तेव्हा तिकीट काढण्याआधी मान वर करून बघा. पाऊस असेल तर धक्क्याजवळच्या पार्किंगच्या इमारतीच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर गावचं वाचनालय आहे. आत जायला पैसे नाहीत, मुलांची पुस्तकं आहेत, स्वच्छतागृह आहे आणि मोठ्या खिडक्यांतून तुमचंच जहाज दिसतं.